मोच्याच्या मुलाने घडवलेली काठी

गोल्फच्या इतिहासात विजेत्यांची नावे असतात. त्यांच्या हातातली काठी कुणी घडवली, हे सहसा कुणी विचारत नाही.

कार्स्टन सोल्हाइम यांचा जन्म १९११ साली नॉर्वेत झाला. वडील मोची. कुटुंब अमेरिकेत, सिअ‍ॅटलला गेले. पैशांअभावी कार्स्टनचे इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्धवट सुटले आणि तेही जोडे दुरुस्त करू लागले. पुढे मात्र ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंजिनिअर झाले. वयाच्या ४२व्या वर्षी सहकाऱ्यांमुळे गोल्फची गोडी लागली. पण पटर, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायची काठी, दगा देई.

दोष हाताचा की काठीचा? चेंडू पात्याच्या मधोमध न लागता जरा बाजूला लागला की पाते वळते आणि चेंडू भरकटतो. सोल्हाइम यांनी मधले वजन काढून दोन्ही टोकांना दिले. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या हातातली लांब काठी सहजी हलत नाही, तत्त्व तेच. १९५९ साली पहिला पटर तयार झाला. चेंडूला लागताच होणाऱ्या आवाजावरून त्याचे नाव पडले ‘पिंग’. १९६९ मध्ये जॉर्ज आर्चर यांनी पिंगच्याच पटरने मास्टर्स स्पर्धा जिंकली. हेच तत्त्व पुढे लोखंडी पात्याच्या इतर काठ्यांतही आले.

या काठीने कुणाला आयते कौशल्य दिले नाही. सराव प्रत्येकाला करावाच लागतो. तिने फक्त चुकीची शिक्षा सौम्य केली. त्याचा सर्वाधिक फायदा झाला तो नवशिक्यांना. चुकणाऱ्याला बोल लावण्याआधी त्याच्या हातात आपण कोणते हत्यार दिले आहे, हे एकदा तपासायला काय हरकत आहे?