चूक उजेडाच्या बाजूने

संध्याकाळी आपोआप लागणारा जिन्यातला किंवा फाटकावरचा दिवा लागला नाही, की आपण आधी बल्ब बदलतो. पण अशा दिव्याला प्रकाश देण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: अंधार पडला आहे की नाही? हा निर्णय चुकला तर दिवा पेटलेला राहावा की विझलेला, हे रचनाकाराला आधीच ठरवावे लागते. समुद्रावरच्या आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या रचनाकारांनी ते विचारपूर्वक ठरवले. घरगुती दिव्यांच्या बाबतीत मात्र ते स्वस्ताईवर सोडून दिले गेले, आणि न लागणाऱ्या दिव्यांची बरीच तक्रार तिथूनच सुरू होते.

1865 साली मुंबईत गॅसचे दिवे आले, तेव्हा हा निर्णय माणूस घेत असे. दिवे पेटवणारा आभाळाकडे पाहून चालायला लागे आणि ढगाळ दिवशी लवकर निघू शके. त्याची जागा वेळापत्रकाने घेतली तिथे पंचाईत झाली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक शहरांत चांदण्या रात्री दिवे न लावण्याचा करार असे. ढगांनी चंद्र झाकला तरी करारानुसार ती रात्र चांदणीच, त्यामुळे रस्ते काळोखात राहत. दिवे ठणठणीत होते. चूक अंधार ओळखण्यात होती.

स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी 1907 साली काढलेली सूर्यझडप मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत समंजस रचना वाटते. निर्मनुष्य खडकांवरच्या दीपगृहांत ॲसिटिलीन वायू जळे, आणि दिवसा तो वाया जाऊ नये एवढाच हेतू होता. मधोमध एक काळा केलेला दांडा, भोवती चकचकीत मुलामा दिलेले दांडे. सकाळी काळा दांडा उजेड शोषून घेई, इतरांपेक्षा किंचित जास्त लांबे आणि वायूची झडप दाबून बंद करी. अंधारात तो आखडला की झडप उघडे आणि छोट्या कायम ज्योतीवर मुख्य दिवा पेटे. विझवण्यासाठी उजेडाला काम करावे लागे. पेटलेले राहणे ही यंत्राची विश्रांतीची अवस्था होती. म्हणून झडपेवर बर्फ साचले किंवा चकचकीत दांडे मळून काळ्या दांड्याशी त्यांचा फरक कमी झाला, तर दिवा दिवसाही जळत राही. कायम ज्योत विझण्याचा धोका होता, तो ही झडप टाळू शकत नव्हती. पण तिची स्वतःची चूक शक्यतो उजेडाकडे झुके. दालेन यांना 1912 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती.

विजेच्या दिव्यांचा मार्ग वेगळ्या शोधातून निघाला. समुद्राखालच्या तारांच्या चाचण्यांसाठी सेलेनियम वापरताना, त्यावर उजेड पडला की विजेला होणारा विरोध घटतो, हे विलोबी स्मिथ यांनी 1873 साली जाहीर केले. पुढे रस्त्यावरच्या दिव्यांत हेच काम कॅडमियम सल्फाइड करू लागले. उजेड ओळखणाऱ्या त्या जुन्या साध्या फोटोसेलमध्ये उजेडात वाहणारा प्रवाह दोन धातूंची जोडपट्टी तापवतो, ती वाकते आणि दिव्याचा संपर्क तुटतो. म्हणजे पुन्हा तापणारा, प्रसरण पावणारा धातू! सेलची तार तुटली तर पट्टी थंडच राहते आणि दिवा जळतो. भर दुपारी जळणारा खांबावरचा दिवा पाहून आपण नगरपालिकेला नावे ठेवतो, पण कित्येकदा तो ठरवून निवडलेल्या दिशेने बिघडलेला असतो.

यावर आक्षेप असा, की घर म्हणजे दीपगृह नव्हे. दिवसरात्र जळणारा दिवा म्हणजे बिलाचा भुर्दंड. बागेतल्या शोभेच्या दिव्यापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. जिन्याला तो लागू होत नाही. काही वॅटच्या एलईडीचा खर्च आणि म्हाताऱ्या माणसाची हुकलेली पायरी यांची तुलना कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय दालेन यांची झडपही काटकसरीसाठीच होती, हे विसरू नये.

म्हणून दिवा लागत नसेल तेव्हा त्याला काय ‘दिसते’ आहे, ते आधी तपासावे. शेजारचा नवा दिवा किंवा पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड सेन्सरवर पडत असेल, तर त्याच्या लेखी दिवस मावळलेलाच नसतो. सेन्सर जाड काळ्या पट्टीने पूर्ण झाकून दोन-तीन मिनिटे थांबावे. दिवा लागला तर सेन्सरची जागा किंवा तोंड बदलले की काम भागते. दिव्याला हालचाल ओळखणारा सेन्सर असेल तर अडचण वेगळी: तो शरीराच्या आणि मागच्या भिंतीच्या उष्णतेतला फरक टिपतो. विदर्भात मे महिन्यात तापलेल्या भिंतीसमोर तो फरक जवळजवळ उरत नाही, आणि समोरून माणूस गेला तरी दिवा गप्प राहतो. अशा जिन्यात सेन्सरला समांतर एक साधे बटण वायरमनकडून बसवून घ्यावे. सेन्सर चुकला तरी त्या बटणाने दिवा लावता येतो.