आहाराची रोजनिशी

खाल्लेल्या अन्नाचा व केलेल्या व्यायामाचा हिशेब लिहून शरीर हलकें करावें, ही युक्ति संगणकाच्या युगांतली असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तिची कुळकथा बरीच जुनी आहे.

इ. स. १८६२ च्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या विल्यम बॅन्टिंग नांवाच्या गृहस्थांनीं आपलें वजन करविलें, तें २०२ पौंड भरलें. वय साठीच्या पुढें आणि उंची अवघी ५ फूट ५ इंच. प्रतिष्ठितांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणें हा त्यांच्या घराण्याचा धंदा. राजघराण्याचें कामहि त्यांच्या पेढीकडे असे. अशा मातबर माणसाला स्वतःच्या बुटांचे बंद बांधतां येत नसत आणि जिना उलट्या तोंडानें, पाऊल चांचपीत उतरावा लागे. रस्त्यांत लोक हसत, तें निराळेंच. व्यायामाचा सल्ला मिळाला म्हणून ते पहाटे दोन दोन तास नाव वल्हवीत. बाहूंत बळ आलें खरें. पण भूकहि तशीच खवळली आणि वजन उतरण्याऐवजीं चढलें.

पुढें ऐकूं कमी येतें म्हणून ते विल्यम हार्वे या कर्णवैद्याकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो निराळा, तो दोन शतकें आधींचा.) या वैद्यानें कान पाहिले आणि दोष मेदाच्या माथीं मारला. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हें सारें वर्ज्य झालें. बॅन्टिंगनीं पथ्य तर पाळलेंच; पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, दर दोन-तीन आठवड्यांनीं वजन करून तें तारखेसह टिपून ठेवलें. वर्षभरांत ४६ पौंड उतरले. १८६३ मध्यें त्यांनीं ही हकीकत त्या आंकड्यांसह छापून प्रथम फुकट वांटली. ती इतकी गाजली कीं, त्यांच्या आडनांवावरून पथ्य करणें या अर्थाचें एक क्रियापदच इंग्रजींत रूढ झालें.

तराजूला साक्षीस बसविण्याची कल्पना मात्र याहूनहि जुनी. इटलींतील सांतोरिओ नामक वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चींत बसून आपलें खाणें, पिणें आणि मलमूत्र यांचें वजन वर्षानुवर्षें करीत असे. १६१४ मध्यें त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कृश होणें हा त्याचा हेतु नव्हता. खाल्लेलें जातें कोठें, एवढेंच त्याला पाहावयाचें होतें.

पुढें अमेरिकेंत ॲटवॉटर या शास्त्रज्ञानें माणसाला बंद कोठडींत ठेवून त्याच्या देहाची उष्णता मोजली व निरनिराळ्या खाद्यांचीं कोष्टकें सिद्ध केलीं. त्यांच्या आधारें लुलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनीं १९१८ मध्यें सामान्य वाचकांना पावाचे तुकडे न मोजतां कॅलरी मोजावयास शिकविलें.

हिशेब आला, तशी हिशेबांतली चूकहि आली. कितीहि कमी खाल्लें तरी वजन उतरत नाहीं, अशी तक्रार करणाऱ्या दहा स्थूल व्यक्तींची न्यूयॉर्क येथें शास्त्रीय तपासणी झाली. तिचा निष्कर्ष १९९२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांनीं सांगितलेलें अन्न प्रत्यक्षाहून सरासरीनें ४७ टक्के कमी होतें आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्के अधिक. या माणसांना लबाड ठरविणें अन्यायाचें होईल. ताटांतलें सर्वांना आठवतें. येतां जातां तोंडांत टाकलेले चार शेंगदाणे कोणाला आठवतात?

तरीहि नोंद व्यर्थ जात नाहीं. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, सुमारें सतराशें अमेरिकन लोकांच्या पाहणींत रोज अन्न लिहून ठेवणाऱ्यांचें वजन मुळींच न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरलेलें आढळलें. यांत श्रेय वहीचें किती आणि रोज वही उघडणाऱ्याच्या निग्रहाचें किती, हें सांगणें मात्र कठीण.

२००५ मध्यें मायफिटनेसपल हें साधन निघालें. पुढें अशा रोजनिशा खिशांतल्या फोनमध्येंच आल्या. पदार्थाचें नांव निवडलें कीं कॅलरींची बेरीज आपोआप होते आणि चाललेलीं पावलेंहि मांडलीं जातात. पण त्या बेरजेंतून पावलांच्या कॅलरी वजा करून कोणी तेवढेंच जास्त खाऊं लागला, तर बॅन्टिंगच्या नावेची गत होते. शिवाय यंत्र "एक भाकरी" असें लिहून घेतें. ती कोणाच्या हातची आणि केवढी जाड, हें त्यास कळत नाहीं. तेथें थापण्यापूर्वीं पीठच तोलून पाहावें लागतें.