संगणक कार्ड ओळखायला कसा शिकला

शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झालं, तेव्हा आयबीएमचा पीसी जेमतेम दोन वर्षांचा होता. आपल्या पोटात काय बसवलंय, हे त्या संगणकाला कळत नसे. पुढे साउंड कार्डं आली, तीही बसवायची तर आधी कार्डावरचे इवलेसे जंपर चिमटीत धरून हलवायचे: पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. डीएमए म्हणजे कार्डाची थेट मेमरीशी देवाणघेवाण करायची वाट, तर आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार. दोन कार्डांनी एकच तार धरली की एक तरी मुकं व्हायचं. बुलढाणा असो की मुंबई, दुरुस्ती करणाऱ्याला हे आकडे तोंडपाठ लागत.

१९९३ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने अशा, म्हणजे आयएसए स्लॉटमध्ये बसणाऱ्या, कार्डांसाठी ‘प्लग अँड प्ले’चा आराखडा मांडला. त्यातली युक्ती मला फार देखणी वाटते. प्रत्येक कार्डात ६४ बिटांची स्वतःची ओळख असते. संगणक ती सगळ्यांना एकदम, एकेक बिट करत विचारतो. त्या जागी १ असलेलं कार्ड बोलतं. ० असलेलं ऐकत राहतं, आणि दुसऱ्याचा आवाज आला तर त्या फेरीतून बाजूला होतं. शेवटी एकच उरतं, त्याला क्रमांक मिळतो, की पुढची फेरी. यासाठीचे आदेश २७९ या पत्त्यावर जात. ती प्रिंटर पोर्टची केवळ वाचायची जागा, त्यामुळे तिथे लिहून कुणाचं काही बिघडत नसे.

खरी पंचाईत जुन्या जंपरवाल्या कार्डांची. त्यांना स्वतःचं नावच सांगता येत नव्हतं. २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ ने त्यांना शोधायचं काम अंगावर घेतलं. आधी कॉन्फिग.सिस या फाइलीतल्या ड्रायव्हरच्या नोंदी पाहायच्या, मग एकेक पत्ता चाचपायचा. भलत्या ठिकाणी हात लागला की अख्खं यंत्र गोठायचं. म्हणून चाचपणी करताना डेटक्रॅश.लॉग या फाइलीत नोंद ठेवली जाई. यंत्र पुन्हा सुरू झालं की ती वाचून, जिथे अडलं तेवढी चाचणी टाळून काम पुढे चाले. या साऱ्या खटाटोपातली सर्वांत शहाणी गोष्ट माझ्या मते हीच फाइल.

पीसीआय आणि यूएसबी या नव्या जोडण्या रुळल्यावर उपकरणं आपणहून नाव सांगू लागली. तरी एखाद्या शाळेच्या किंवा आडत दुकानाच्या अडगळीत विंडोज ९५ चा संगणक सापडला आणि हा शोध मध्येच अडकला, तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबू नका. वीज बंद करा, दहा सेकंद थांबा, मग चालू करा. वीज तुटल्याशिवाय अडकलेलं कार्ड नीट भानावर येईलच असं नाही.