फॅलमाउथचं प्रदर्शन आणि खाणीतल्या शिड्या

पाळी संपली की कॉर्नवॉलच्या खाणकामगाराची खरी परीक्षा सुरू व्हायची. हजार-बाराशे फूट खोलवर कथील आणि तांब्याचं खनिज फोडून झालं, की वर यायला एकच वाट असे, उभ्या शिड्यांची. अंगावर घामाने भिजलेले कपडे, टोपीवर ओल्या मातीच्या गोळ्यात रोवलेली मेणबत्ती, आणि एकीमागून एक शिडी. खोल खाणीत ही चढण तासभर चाले. छातीचे विकार जडून ऐन उमेदीतली माणसं कामातून जात.

याच भागातल्या फॅलमाउथ बंदरात १८३३ मध्ये कॉर्नवॉल पॉलिटेक्निक सोसायटी स्थापन झाली. तिच्यामागे होतं क्वेकर पंथाचं फॉक्स घराणं. पेरन फाउंड्री हा त्यांचा ओतकामाचा कारखाना खाणींसाठी यंत्रं बनवत असे. तिथल्या कारागिरांच्या कल्पना लोकांसमोर याव्यात, ही धडपड मूळची अ‍ॅना मरिया आणि कॅरोलाइन या फॉक्स बहिणींची. तेव्हा थोरली अवघी सतरा वर्षांची होती! दरवर्षी प्रदर्शन भरू लागलं, बक्षिसं दिली जाऊ लागली. दोनच वर्षांत राजा चौथा विल्यम याचा आश्रय मिळाला आणि नावामागे 'रॉयल' लागलं.

पण या संस्थेचं मोठेपण राजाश्रयात नाही. आलेल्या वस्तू मांडून ती थांबली नाही. खाणीला काय हवं आहे, हे तिने आधी जाहीर केलं. कामगारांना शिड्यांविना वर आणणाऱ्या यंत्रासाठी १८३४ मध्ये बक्षीस लावलं गेलं. त्यासाठी चार्ल्स फॉक्स यांनी पुढाकार घेतला होता.

बक्षीस मिळालं मायकेल लोम या अभियंत्याच्या आराखड्याला. जर्मनीच्या हार्ट्झ डोंगरात असं यंत्र नुकतंच चालू झालं होतं. लोमच्या यंत्रात खाणीच्या विहिरीत दोन लांबलचक दांडे सोडलेले असत. एक वर जाई तेव्हा दुसरा खाली येई. दांड्यांना ठरावीक अंतरावर पाय ठेवण्यापुरत्या फळ्या. दांडा वर जाऊन क्षणभर थबकला की कामगार शेजारच्या दांड्यावरच्या फळीवर पाऊल टाकी. मग तो दांडा त्याला आणखी वर नेई. १८४२ च्या जानेवारीत ट्रेसेव्हियन खाणीत हे यंत्र सुरू झालं.

प्रदर्शनात उतरण्याचा खरा फायदा इथे दिसतो. कागदावरच्या आराखड्याला जाणकार परीक्षक भेटले, आणि स्वतःच्या विहिरीत तो उभारू देणारी खाणही भेटली. एकट्या अभियंत्याने दारोदार फिरून हे जमणं कठीण होतं.

तरीही मोजक्याच खाणींनी हे यंत्र बसवलं. खर्च मोठा होता, आणि अनेक विहिरी वाकड्यातिकड्या होत्या. धोकाही होता. २० ऑक्टोबर १९१९ रोजी लेव्हंट खाणीत अशाच यंत्राचा दांडा वरच्या जोडापाशी तुटला आणि ३१ जण ठार झाले.

आपल्याकडे नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही खाण कंपन्यांची मुख्यालयं आहेत. तिथे खाण उद्योगाचं प्रदर्शन भरवणाऱ्यांनी फॅलमाउथची ही रीत जरूर उचलावी: खाणीत उतरणाऱ्यांना विचारून त्यांची एक अडचण वर्षभर आधी जाहीर करावी, तिच्यावर भरघोस बक्षीस लावावं, आणि निवडलेल्या यंत्राच्या चाचणीसाठी एक चालू खाण आधीच मिळवून ठेवावी.