कल्याण बंदर आणि द्राक्षमद्य : शब्दांच्या साक्षीने एक विचार

पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदरांत कल्याणचे स्थान निर्विवाद आहे. कान्हेरी व जुन्नर येथील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांचे उल्लेख येतात. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते ‘कॅलिएना’ या नावाने आढळते. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने तेथून निर्यात होणाऱ्या तांब्याची, शिसवी लाकडाची व कापडाची नोंद केली आहे. एवढी कीर्ती असलेल्या बंदरात यवनांचे द्राक्षमद्यही विपुल उतरत असले पाहिजे, असे अनुमान सहज सुचते. ‘नारिंगी मद्य’ म्हणून आज ओळखला जाणारा प्रकार फार प्राचीन पद्धतीचा असल्यामुळे, तेच मद्य कल्याणच्या धक्क्यावर उतरले असेल, अशी कल्पनाही मोह पाडते. ही अनुमाने कितपत टिकतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘पेरिप्लस’ची साक्ष घेऊ. त्यात मद्याच्या आयातीचा सविस्तर उल्लेख आहे, परंतु तो भडोचच्या संदर्भात. तेथे इटलीच्या मद्यास अग्रमान होता. त्याशिवाय लाओदिकीया व अरबस्तान येथील मद्येही येत. राजासाठी उंची मद्य निराळे आणले जाई. कल्याणविषयी मात्र आयातीची यादी दिलेली नाही. उलट, पूर्वी तेथे रीतसर व्यापार चाले. पुढे ते बंदर सांदनेस याच्या ताब्यात गेल्यावर अडथळे आले आणि तेथे लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे ग्रंथकार सांगतो. पैठण व तेर येथील मालही गाड्यांनी भडोचलाच जाई. तेव्हा त्या काळी सह्याद्रीच्या वरच्या नगरांत द्राक्षमद्य पोहोचले असल्यास ते बव्हंशी भडोचमार्गे पोहोचले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरी साक्ष भाषेची. ठाणे-कल्याण परिसरातील पेयांची नावे पाहिली, तर त्यांत एक सुसंगती दिसते. ताडापासून ताडी, माडापासून माडी, शिंदीच्या झाडापासून शिंदी, मोहाच्या फुलांपासून मोहाची दारू. पेयाचे नाव झाडावरून पडले आहे, कारण झाड डोळ्यांसमोर आहे. द्राक्षमद्याची प्राचीन नावे मात्र देशांवरून पडली. कौटिल्याने द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याचे ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हे भेद उत्पत्तिस्थानावरून सांगितले आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. पाणिनीच्या सूत्राचे विवरण करताना काशिकाकारांनीही ‘कापिशायन मधु’ हेच उदाहरण दिले आहे. जी वस्तू दुरून येते, तिची ओळख गावाने होते. जी दारात पिकते, तिची ओळख झाडाने होते.

हा ‘मधु’ शब्द ग्रीक ‘मेथु’ या मद्यवाचक शब्दाचा सगोत्र होय. मराठीत त्याचा वंशज ‘मध’ हा मधमाश्यांच्या मधापुरताच उरला. उलट ‘दारू’ हा फारसी शब्द, ज्याचा मूळ अर्थ औषध, तो सर्वसामान्य नाव होऊन बसला. फळाचे ‘द्राक्ष’ हे नाव संस्कृतातून आले. पण वाळलेल्या फळाची नावे पाहावीत : ‘बेदाणा’ फारसी, तर ‘मनुका’ अरबी ‘मुनक्का’पासून. बाजारात द्राक्ष वाळलेल्या स्वरूपात परदेशी व्यापाऱ्यांकडून येत होते, हे या शब्दांवरून ध्यानी येते.

तिसरी साक्ष प्रत्यक्ष ठाण्यातील. इ. स. १३२१ मध्ये तेथे आलेल्या जॉर्डनस या धर्मोपदेशकाने या प्रदेशाविषयी लिहिले आहे की, द्राक्षवेली फार थोड्या असून लोक फळे ताजी खातात, मद्य करीत नाहीत. झाडांचा रसच त्यांना मद्याच्या ठिकाणी असतो. याच शतकात इब्न बतूताने दौलताबादेस वर्षातून दोनदा द्राक्षे येत असल्याचे नमूद केले आहे. हा भेद हवामानाचा आहे. कोकणच्या दमट हवेत केवडा व भुरी हे रोग वेलीस टिकू देत नाहीत. घाटावर कोरडी हवा असल्याने एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी करून पीक साधता येते. ब्रिटिश अमदानीतही ठाणे जिल्ह्यात सरकारचा आबकारी संघर्ष द्राक्षाशी नव्हता. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहफुलांविषयीचा कायदा यांचा जाच झाला तो ताडी काढणारे भंडारी व मोहफुले वेचणारे आदिवासी यांना.

आता नारिंगी मद्याविषयी. हे मद्य संत्र्याचे नव्हे. पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींपासून लगेच वेगळा न करता काही दिवस ते काही महिने सालींसह आंबविला, म्हणजे त्यास हा रंग व तुरटपणा येतो. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्री’ नावाच्या मातीच्या रांजणांत रकात्सितेली, मत्स्वाने, किसी या जातींपासून ते करतात. युनेस्कोने २०१३ मध्ये या पद्धतीची नोंद सांस्कृतिक वारशात केली. इटली व स्लोव्हेनियाच्या सीमेवर रिबोला जाला ही जात त्यासाठी वापरतात. पद्धत पुरातन असली तरी ‘ऑरेंज वाइन’ हे नाव २००४ मध्ये डेव्हिड हार्वे या ब्रिटिश मद्यव्यापाऱ्याने रूढ केले. जॉर्जियात त्यास अंबरवर्णी म्हणतात. प्राचीन नावे देशवाचक आणि आजचे नाव वर्णवाचक असल्याने, एकावरून दुसऱ्याची सिद्धी होत नाही. कल्याणच्या इतिहासात नारिंगी मद्य शोधणे म्हणजे २००४ चा शब्द पहिल्या शतकावर लादणे होय.

तथापि शब्दांच्या व्यापारात या किनाऱ्याचा वाटा मोठाच आहे. ‘नारंग’ हा शब्द दक्षिण भारतातून संस्कृतात, तेथून फारसी व अरबीत आणि पुढे युरोपात गेला. त्याचेच ‘ऑरेंज’ झाले. ज्या मद्याची वेल ठाणे-कल्याणच्या भूमीत रुजली नाही, त्याच्या आजच्या नावात भारतभूमीतून गेलेला एक शब्द मात्र परत आला आहे. इतिहासाने त्या मद्याचे कल्याणशी नाते सिद्ध केले नाही. भाषेने भारताशी जोडले, ते एवढेच.