खुब्याचे एव्हीएन : एक्स-रे नॉर्मल आला तरी जांघेतले दुखणे सोडू नका

मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग म्हणजे खुब्याचा गोळा. त्याला पुरेसे रक्त मिळाले नाही तर आतले हाड मरू लागते. या आजाराला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. दवाखान्यात तुमच्या कानावर ‘एव्हीएन’ हाच शब्द पडेल. हाड मेले म्हणजे त्यात पू झाला असे नाही आणि हा कॅन्सरही नाही. पण मेलेले हाड वजन पेलत नाही. गोळा आतून खचतो, चपटा होतो आणि मग सांधा झिजतो.

हा त्रास खुब्यातच जास्त का? या गोळ्याला रक्त हाडाच्या मानेवरून चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळते. कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेत जसे आधी कोरडे पडते, तसेच इथे होते.

दुखते कुठे?

बहुतेकदा जांघेत, खोलवर. कधी मांडीत, तर कधी फक्त गुडघ्यात, आणि मग गुडघ्याचेच एक्स-रे निघत राहतात. मांडी घालून बसताना किंवा पँट चढवताना त्रास होतो. पुढे रात्रीही ठणकते, चाल लंगडी होते.

सुरुवातीला एक्स-रे साफ नॉर्मल असू शकतो. अशा वेळी एमआरआय लागतो, तोही दोन्ही खुब्यांचा, कारण अनेकांना दुसऱ्या बाजूलाही आजार सुरू झालेला असतो.

कोणी सावध राहावे?

मोठ्या डोसमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांनी आधी. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविड वाढून अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला, अकोल्यातही निर्बंध आले. त्या लाटेत स्टेरॉइडने अनेकांचा जीव वाचवला, हे आधी सांगतो. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केली. निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत त्यांना त्रास सुरू झाला होता. एरवी सहा महिने ते वर्ष लागते.

दमा, त्वचारोग, किडनीचा आजार यांसाठीही स्टेरॉइड दिले जाते. ते डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकते. मला जास्त काळजी वाटते ती सांधेदुखीच्या बिनानावाच्या पुड्यांची. ‘एका दिवसात आराम’ मिळाला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या आणि पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा.

बरीच वर्षे रोज दारू पिणारे आणि खुब्याला मार लागलेले यांनाही धोका असतो.

आणि सिकलसेल. मेळघाटातील धारणी-चिखलदरा भागात हा आजार आहे, पण तो फक्त तिथेच किंवा फक्त आदिवासींमध्येच असतो असे नाही; विदर्भात इतर समाजांतही आढळतो. विळ्यासारख्या वाकड्या पेशी रक्तवाहिन्या अडवतात आणि विशी-पंचविशीतच खुबा जातो. घरच्यांना मुलाच्या दुखण्याची सवय झालेली असते. पण आठवडे उलटूनही एकाच जांघेत दुखत राहिले, तर ‘सिकलसेलचे नेहमीचेच’ म्हणू नका. लहान वयात एव्हीएन निघाले आणि सिकलसेलची तपासणी झालेली नसेल, तर तीही करून घ्या.

उपचार

गोळा शाबूत आहे की खचला, यावर सगळे ठरते. शाबूत असेल तर काठी वापरून भार कमी करतात, काहींना औषधे देतात, काहींत हाडात बारीक छिद्र पाडून आतला दाब उतरवतात. याने खुबा वाचेलच असे नाही, पण वाचण्याची संधी याच टप्प्यात असते. मालिशने मेलेले हाड जिवंत होत नाही. वेळ मात्र जातो. गोळा खचून सांधा झिजला, तर सहसा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया उरते. ती चांगली होते, पण तिशीतल्या माणसाला तो कृत्रिम सांधा पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना जुन्या चिठ्ठ्या, कोविडचे डिस्चार्ज कार्ड आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. दारूचेही खरे सांगा. शस्त्रक्रिया ठरलीच, तर ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.