श्रम, तालीम आणि आरोग्य

जुन्नर तालुका नकाशावर एक असला, तरी देहश्रमांच्या दृष्टीनें तो दोन आहे. आणि त्याला लागून असलेल्या आंबेगांवाचीही तीच स्थिति. पश्चिमेस नाणेघाट व भीमाशंकर यांच्या बाजूच्या रानांत महादेव कोळी कुटुंबें डोंगरउतारावर भात लावतात, हिरडा वेंचतात. आणि उन्हाळ्यांत पुष्कळ वाड्यांवर हंडाभर पाण्यासाठीं स्त्रियांस चढण चढावी लागते. पूर्वेस नारायणगांव-मंचरकडे विहिरी, कालवे, टोमॅटो-कांद्याचे मळे, मोटारसायकली आणि बाजारांतले गाळे. या दोघांसही 'नित्य व्यायाम करा' हा एकच उपदेश करतां येईल काय, हें आम्हांस इतिहासाच्या अंगानें पाहावयाचें आहे.

आपली जुनी परंपरा या प्रश्नापाशीं फारशी थांबली नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबास ऊर्जितावस्था आणली. गांवोगांव तालमीही होत्या. परंतु तालमींत येणारा बहुधा तरुण पुरुष, आणि ज्याच्या घरीं दूधदुभतें तोच टिकावयाचा. अशक्त मनुष्य तेथून आपोआप गळे, आणि जो उरे त्याच्याकडे बोट दाखवून व्यायामाची महती गाइली जाई! औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार शाळांतून नेले व स्त्रियांसही त्यांचा आग्रह केला, ही मोठीच मजल. तथापि नमस्कारांची फलश्रुति अनुभवावरून सांगितलेली होती, मोजलेली नव्हे.

मोजण्याची दृष्टि आली ती याच पुणें जिल्ह्यांत, लोणावळ्यास. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे बडोद्यास माणिकरावांच्या हाताखालीं तयार झालेले. १९२४ सालीं त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें आणि 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढलें. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खालीं उतरतो, हें त्यांनीं पाऱ्याच्या दाबमापकानें दाखविलें. या क्रियेनें देहांत काय घडतें, हा त्यांचा प्रश्न. तें कोणाच्या देहांत घडतें, हा पुढल्या पिढीचा.

तो प्रश्न प्रथम ठसठशीतपणें पुढें आला लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर. १९५३ सालीं डॉ. जेरी मॉरिस यांनीं दाखविलें कीं, दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षां जिना चढणाऱ्या वाहकांस हृदयविकार कमी होतो. दुसरा कोणी एवढ्यावर समाधान मानता. मॉरिस यांनीं १९५६ सालीं गणवेशांचीं मापें काढलीं, तों अगदीं तरुण वयांतही चालकांच्या विजारी कमरेस अधिक रुंद! मग जिन्यानें प्रकृति सुधारली, कीं निरनिराळ्या प्रकृतीचीं माणसें मुळांतच निरनिराळ्या कामांस लागलीं? आपल्याच निष्कर्षावर असा संशय घेणें आमच्या मतें त्या निष्कर्षाहूनही मोलाचें होय.

आपल्या खेड्यांस अधिक जवळचा पुरावा पुण्याचा आहे. के. ई. एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ नंतरच्या वर्षांत पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील सुमारें ८०० गर्भवतींचा अभ्यास केला. शेतांतील व घरांतील कामें विचारून त्यांच्या श्रमांचें मान काढलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: गर्भारपणीं श्रम जितके अधिक, तितकें अर्भकाचें वजन कमी. तेथील अर्भकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतील अर्भकांचें ३.५. तशांत हीं हडकुळीं बालकें स्नायूंनीं उणीं असलीं, तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानानें कमी नव्हती.

ज्या हालचालीनें लंडनचा वाहक निरोगी राहतो असें म्हणावें, तीच अर्धपोटीं गर्भवतीच्या वांट्यास आली म्हणजे तिच्या बाळास भोंवते. व्यायाम ही निवड आहे. त्यामागें आहार आहे, विश्रांति आहे. डोक्यावरचा हंडा ही निवड नव्हे. तेव्हां घाटाकडील वाडीवर आरोग्याची पहिली योजना म्हणजे दारांतला नळ आणि पोटभर अन्न, असें आम्ही म्हणूं. मंचरच्या गाळेवाल्यास मात्र रोज तासभर चालावयास सांगूं. पण हे दोघे वाटतात तितके परके नाहींत. वाडीवरील त्या मातेचा हडकुळा मुलगा उद्यां शिकून त्याच बाजारांत गाळ्यावर बसेल, आणि जन्मापासून तशी ठेवण लाभलेल्या देहास बैठ्या सुखांत मधुमेहाचें भय अधिक, असें हेच संशोधक सांगतात.